घरचे चव्हाट्यावर

चित्रपटासारख्या विषयावर आम्ही ह्या सदरात लिहावे, ह्याचे आमच्या नेहमीच्या वाचकांस नवल वाटेल. आमच्या बाळपणी घरात सिनेमाला जाण्यास वडिलांची परवानगी लागे, आणि ती एखादा जुना संतपट गावात पुन्हा लागला तरच मिळे. पुढे शाळेच्या नोकरीत तो योग आणखीच दुर्मिळ झाला. तेव्हा ह्या कलेतले आम्हास कळते असा आमचा मुळीच दावा नाही. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता रुमानिया देशातील क्लूज ह्या शहरी मुलीकडे दोन महिने राहून आलो, आणि तेथे जे पाहिले व जे घडले, ते अद्याप मनातून जात नाही; म्हणून हा प्रपंच.

आमचे जावई नोकरीनिमित्त तेथे असतात. ट्रान्सिल्व्हानिया ह्या डोंगराळ प्रांतातले हे मुख्य शहर. ह्याला नावे तीन: रुमानियन लोक क्लूज म्हणतात, हंगेरियन कोलोझ्वार, आणि जर्मन क्लाउझेनबुर्ग. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. शहराच्या मुख्य चौकात सेंट मायकेलचे जुने चर्च आहे, आणि त्यासमोर १४४३ साली ह्याच गावी जन्मलेल्या हंगेरीच्या मॅथियास राजाचा अश्वारूढ पुतळा. रुमानियन भाषा मात्र लॅटिनची मुलगी. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आमच्यातला संस्कृतचा मास्तर जागा झाला. सातास ते 'शाप्ते' म्हणतात, तिनास 'त्रेइ', दातास 'दिंते' आणि नव्यास 'नोउ'! भाजीच्या दुकानात आम्ही मोठ्याने 'शाप्ते' म्हणून सात बटाटे मागून घेतले, आणि आमच्या सौभाग्यवतींनी घरी आल्यावर आम्हास विचारले, की चार पुरले असते ना? असो.

जून महिन्यात ह्या गावात एक मोठा उत्सव भरतो. त्याचे नाव ट्रान्सिल्व्हानिया आंतरराष्ट्रीय चित्रपटोत्सव. तुदोर जुर्जू नामक दिग्दर्शक व त्यांच्या सोबत्यांनी तो २००२ साली सुरू केला. सुमारे दहा दिवस तो चालतो, आणि देशोदेशींचे चित्रपट त्यात येतात. परंतु शेवटचे काही दिवस खास घरच्यांसाठी राखलेले असतात. त्यांस 'रुमानियन चित्रपटांचे दिवस' म्हणतात. चित्रगृहे तर भरतातच, शिवाय त्या मुख्य चौकात मोठा पडदा उभारून खुर्च्यांच्या रांगा मांडतात. जूनमध्ये तेथे रात्रीचे साडेनऊ वाजले तरी उजेड असतो, त्यामुळे खेळ सुरू व्हायला दहा वाजतात. आजीबाई अंगावर शाल घेऊन, तरुण मुले एकमेकांस टेकून, आकाशाखाली बसलेली असतात. पडद्यामागे चर्चचा मनोरा, आणि त्याचे टोले मधूनच संवादात मिसळतात. बाजूस 'कुर्तोश' नावाचा नळकांड्यासारखा गोड पाव निखाऱ्यावर भाजून विकत होते. त्यात अंडे असते असे कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी त्याचा फक्त वास घेतला, आणि तो फारच चांगला आहे असा अभिप्राय दिला.

एवढा उत्साह पाहून आम्हास वाटले, की ह्या देशात चित्रपटांची परंपरा अखंड भरभराटीची असावी. वस्तुस्थिती उलट आहे. आरंभ चांगला झाला. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्याच्या आदल्याच वर्षी ग्रिगोरे ब्रेझानू ह्यांनी १८७७ च्या स्वातंत्र्ययुद्धावर मोठा चित्रपट काढला होता. पुढे साम्यवादी राजवटीतही योन पोपेस्कू-गोपो ह्यांच्या चिमुकल्या व्यंगचित्रपटाने १९५७ साली फ्रान्समधील कान येथे लघुपटांचा सर्वोच्च मान मिळवला, आणि लिविऊ चुलेय ह्यांस १९६५ साली तेथेच उत्तम दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले. परंतु राज्यकर्त्यांस आरसा सोसत नसे. लुचियान पिंतिलिये ह्यांचा 'रेकोन्स्तितुइरेआ', म्हणजे 'घटनेची पुनर्रचना', हा चित्रपट १९७० साली थोडा काळ दाखवला गेला आणि मग जवळजवळ वीस वर्षे पेटीत बंद राहिला. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची सत्ता कोसळली. मोकळीक आली, पण पैसा आटला. जुनी सरकारी चित्रगृहे एकामागून एक बंद पडली. २००० साल तर तेथील चित्रपटाचे 'शून्य वर्ष' मानतात. त्याच्या दोनच वर्षांनी हा उत्सव उभा राहिला, हे लक्षात घेतले म्हणजे चौकातल्या त्या खुर्च्यांचे मोल कळते.

पुढची कथा तर अधिकच विलक्षण. २००७ साली क्रिस्टियान मुंजिऊ ह्यांच्या चित्रपटास कानचे सर्वश्रेष्ठ पारितोषिक, सुवर्णपर्ण, मिळाले. विषय नाजूक आहे. १९६६ साली तेथील सरकारने गर्भपातास कायद्याने बंदी केली होती. त्या काळातल्या, १९८७ सालच्या, दोन विद्यार्थिनींची एका दिवसाची ही कथा. सगळे जग वाखाणू लागले, पण खुद्द रुमानियातील कित्येक गावांत तो दाखवायला चित्रगृहच नव्हते! तेव्हा ह्या गृहस्थांनी यंत्र व पडदा गाडीवर घातला आणि गावोगाव हिंडून महिनाभर खेळ केले. आमच्याकडच्या जत्रेतील तंबूच्या सिनेमाची आम्हास आठवण झाली. फरक इतकाच, की तंबूत आम्ही देवादिकांचे चमत्कार पाहत असू, आणि ही मंडळी आपल्याच शेजारणीचे हाल पाहत होती.

येथेच आमच्या मनातली शंका सुरू होते. उत्सवाच्या अखेरच्या दिवसांत मुलगी आम्हास एका नव्या रुमानियन चित्रपटाच्या खेळास घेऊन गेली. खेळ संपल्यावर दिग्दर्शक मंचावर येतो आणि प्रेक्षक त्यास प्रश्न विचारतात, अशी तेथे चाल आहे. एक वृद्ध बाई उठल्या. मुलगी आमच्या कानात भाषांतर करीत होती. बाईंचे म्हणणे असे, की तुम्ही मुले दरवेळी आमची पोपडे उडालेली भिंत, आमचे अंधारे स्वयंपाकघर आणि आमची भांडणेच का दाखवता? बाहेरचे लोक हेच पाहून जाणार. आमच्या घरी पाहुणे आले तर आम्ही आधी केर काढतो. सभागृहात काहींनी टाळ्या वाजवल्या, काही कुजबुजले. दिग्दर्शक नुसता मान हलवीत राहिला. आम्हास तर बाईंचेच पटले. घरचे चव्हाट्यावर मांडू नये, हे आम्हीही जन्मभर पाळत आलो आहोत, आणि हे लोक तर अक्षरशः चौकात पडदा बांधून मांडतात.

मुलीने आमचा चेहरा वाचला असावा. उत्सव संपल्यावर तिने रोज रात्री घरीच एकेक जुना चित्रपट लावण्याचा परिपाठ ठेवला. इंग्रजी अक्षरे खाली उमटत, म्हणून आम्हास निभावता आले.

पहिला चित्रपट मास्तरासाठीच निवडलेला होता. कोर्नेलिऊ पोरुंबोयू ह्यांचा, २००९ सालचा, 'पोलिसी, विशेषण' ह्या व्याकरणी नावाचा. एका लहान गावातला तरुण पोलिस शाळकरी पोरावर पाळत ठेवतो. पोरगा चोरून नशा करतो. त्यास पकडले तर त्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात जातील, आणि हा कायदाच लवकर बदलणार, असे पोलिसास वाटते. म्हणून त्याचे मन घेत नाही. शेवटी त्याचा वरिष्ठ अधिकारी चिडत नाही, ओरडत नाही. तो शांतपणे शब्दकोश मागवतो आणि 'सदसद्विवेक', 'कायदा', 'पोलिस' ह्या शब्दांचे अर्थ त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतो! आम्ही चाळीस वर्षे मुलांस 'कोश पाहा' असे सांगितले. कोश असाही पाहता येतो, हे आम्हास ठाऊक नव्हते. विशेषण हे विशेष्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, हा संस्कृतातला पहिला धडा; तो बिचारा पोलिस त्या खोलीत बसल्या बसल्या आमच्या डोळ्यांदेखत विशेषण होऊन गेला. ह्याच चित्रपटात त्याची शिक्षिका पत्नी त्याच्या अहवालातली एक चूक दाखवते: एक शब्द पूर्वी तोडून लिहीत, तो आता जोडून लिहावा असे अकादमीने ठरवले आहे. कधी ठरवले, ह्याचा त्यास पत्ताच नाही. आमच्या तीर्थरूपांची आम्हास फार आठवण आली. १९६२ साली मराठीचे अनुच्चारित अनुस्वार गेले, पण ते शेवटच्या पत्रापर्यंत 'नाहीं' आणि 'कीं' असेच लिहीत राहिले.

दुसरा चित्रपट दाखवावा की नाही, ह्यावर जावई व मुलगी ह्यांच्यात आधी बारीक आवाजात चर्चा झाली. तो मुंजिऊ ह्यांचाच, २०२२ सालचा, 'आर. एम. एन.'. ट्रान्सिल्व्हानियातल्याच एका खेड्यातील पाव भाजण्याच्या कारखान्यात श्रीलंकेचे कामगार येतात, आणि गाव त्यांच्याविरुद्ध उठते. हे काल्पनिक नव्हे. २०२० साली ह्याच प्रांतातील दित्राऊ गावी तसे घडले होते. गावकऱ्यांच्या सभेचा प्रसंग एकाच जागी यंत्र ठेवून, मध्ये न तोडता, पंधरा मिनिटांहून अधिक काळ चालतो. बोलणारे राक्षस नाहीत. कोणी शिक्षक, कोणी धर्मगुरू, कोणी शेजारी. स्वतःच्याच घरातली माणसे परदेशी मजुरीस गेलेली असताना ते हे बोलतात. त्या रात्री आम्हास नीट झोप आली नाही. सकाळी भाजीवाल्या बाईंनी नेहमीप्रमाणे हसून 'शाप्ते?' असे विचारले. तिला उत्तर देण्यापूर्वी आम्ही क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो, आणि त्याची आम्हास लगेच लाजही वाटली.

तिसरा चित्रपट क्रिस्ती पुयू ह्यांचा, २००५ सालचा: 'लाझारेस्कू ह्यांचा मृत्यू'. अडीच तासांचा. साठी उलटलेले एक विधुर गृहस्थ बुखारेस्टमधील एका घरात मांजरांसह एकटेच राहतात. मुलगी कॅनडात. बहीण परगावी. डोके दुखते, पोट दुखते. ते स्वतःच रुग्णवाहिकेस दूरध्वनी करतात, आणि मग एका रात्रीत एका रुग्णालयातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, असा त्यांचा प्रवास चालतो. प्रत्येक जण दारूचा वास येतो म्हणून आधी उपदेश करतो. कोणी दुष्ट नाही; सारे थकलेले. हळूहळू त्या गृहस्थांचे बोलणे तुटत जाते, शब्दांची सरमिसळ होते. रुग्णवाहिकेवरची एक मध्यमवयीन परिचारिका तेवढी त्यांस सोडीत नाही. ती ना नात्याची ना गोत्याची. योन फिस्कुतेआनू आणि लुमिनित्सा गिऑर्गिऊ ह्या दोघांनी ही कामे अशी केली आहेत, की ती कामे आहेत हेच आपण विसरतो.

दुसऱ्या रुग्णालयाचा प्रसंग चालू असताना आमच्या सौभाग्यवती एकाएकी म्हणाल्या, "ह्यांनाही असेच दोन तास बाकावर बसवून ठेवले होते."

खोलीत शांतता पसरली. मुलीने चित्र थांबवले. "कधी?" तिने विचारले.

झाले असे, की आदल्या वर्षीच्या माघात आम्हास पूजेवरून उठताना भोवळ आली होती. रुग्णालयात दोन रात्री काढाव्या लागल्या. मुलीस कळवू नये, उगाच परदेशी बसून जीव टांगणीला लागतो, असे आम्ही सौभाग्यवतींस बजावले होते. त्या आठवड्यात दूरध्वनीवर बोलताना आम्ही आवाज मुद्दाम खणखणीत काढला होता. धाकट्या भावजयीसही तोंड बंद ठेवण्यास सांगितले होते. थोडक्यात, पाहुण्यांपूर्वी केर काढून ठेवला होता.

मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. "बाबा, मी पाहुणी आहे का हो?" एवढेच ती म्हणाली. मग आत जाऊन तिने चहा ठेवला. रात्रीचे अकरा वाजले होते. जावई खिडकीबाहेर पाहत बसले. चहा आल्यावर आम्ही तिला सारे सांगितले: रक्तदाब किती होता, डॉक्टर काय म्हणाले, औषध कोणते आणि त्यातले कोणते आम्ही मध्यंतरी स्वतःच्या अकलेने बंद केले. तिने कागद घेऊन क्रमाने लिहून काढले, आणि धाकट्या काकूंचा व शेजारच्या डॉक्टरांचा क्रमांक त्याच्याखाली लिहिला.

नंतर तिने विचारले, की पुढचा चित्रपट उद्या पाहू या का? आम्ही म्हणालो, नको, आजच. आम्ही चौघांनी तो शेवटपर्यंत पाहिला. नाव मृत्यूचे असले तरी मृत्यू त्यात दाखवलेला नाही. शस्त्रक्रियेसाठी डोके भादरून, अंग पुसून त्या गृहस्थांस स्वच्छ कापडाखाली निजवतात, आणि पडदा काळा होतो. मुलीने दिवा लावला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते, आणि आमचे रात्रीचे औषध घ्यायचे राहून गेले होते. ते तिनेच पाण्याच्या पेल्यासह आणून दिले.