कमरेचं दुकान

माझं कुणाशी वैर नाही. एस.टी.च्या कंडक्टरशी नाही, खांबावर चढणाऱ्या वायरमनशी तर मुळीच नाही. ही सगळी अंगावर काही ना काही लटकवून पोट भरणारी कष्टाळू माणसं. माझं भांडण आहे ते हौशी छायाचित्रकाराच्या कमरेला आलेल्या त्या पट्ट्याशी, ज्याला दुकानदार ‘मॉड्युलर बेल्ट सिस्टिम’ म्हणतो. नुसतं ‘एक पट्टा आणि सात पिशव्या’ म्हटला असता तर मी तिथंच घासाघीस केली असती. ‘सिस्टिम’ म्हटल्यावर माणसाची जीभ टाळूला चिकटते आणि हात पाकिटाकडे जातो.

या पट्ट्याच्या नादी मला लावलं ते आमच्या शिंप्यानं. शर्टाचं माप घेता घेता तो म्हणाला, ‘‘साहेब, तुमचा डावा खांदा दीड बोट खाली आलाय. कापड तिरपं कापू का?’’ पंचवीस वर्षं कॅमेऱ्याची बॅग त्याच खांद्यावर. डॉक्टरांनी निदान केलं, ओझं कमरेवर घ्या. शास्त्र म्हणून हे खरं आहे. कमरेची हाडं वजन पेलायलाच घडवलेली असतात, खांद्याची तशी नसतात. इथपर्यंत पट्टेवाल्यांशी माझं काही भांडण नाही.

या वस्तूचं घराणं तसं लष्करी. अमेरिकन फौजेनं १९७३ साली सैनिकाचं सामान वाहण्यासाठी जी पट्ट्या-पिशव्यांची व्यवस्था स्वीकारली तिचं लघुनाव ॲलिस. नव्वदीच्या दशकात तिच्या जागी जी आली तिला म्हणतात मॉली. नावं ऐकून वाटावं, की दोघी बहिणी चहाला येताहेत. पण मॉलीच्या अंगावर इंचाइंचाच्या आडव्या पट्ट्या शिवलेल्या असतात आणि त्यांत हवी ती पिशवी हवी तिथं ओवता येते. सैनिकाला ते लागतं. गोळी कुठल्या बाजूनं येईल याचा त्याला भरवसा नसतो. मी फोटो काढायचा तो पर्वतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या मांजराचा. ते मांजर माझ्यावर काय झाडणार?

खरी गोम पुढे आहे. बॅगेला तळ असतो हो, आणि तोंडही असतं. भरली की भरली. मग माणूस विचार करतो, आज हे भिंग राहू दे घरी. तो विचार करतानाच निम्मा फोटो निघतो. पट्ट्याला असा अंत नाही. कमरेचा घेर संपेपर्यंत पिशव्या ओवत जा. ढेरपोट्या माणसाला बक्षीस देणारा हा जगातला एकमेव छंद. माझा घेर बेचाळीस इंच, म्हणजे मला कसली कमतरता? कॅमेरा एक किलो, सत्तर-दोनशेचं भिंग दीड किलो, चोवीस-सत्तरचं किलोभर, मग फ्लॅश, बॅटऱ्या, पाण्याची बाटली. एक पिशवी रिकामी राहिली होती. रिकामी जागा मला बघवत नाही, म्हणून तिच्यात शेंगदाण्याची चिक्की टाकली.

एवढं वजन झाल्यावर पट्टा काय करतो? खाली घसरतो. मग दुकानदार हसतमुखानं सांगतो, त्याला वरून धरायला हार्नेस मिळतो, खांद्यावरून घ्यायचा. म्हणजे खांद्याचं ओझं कमरेवर आणायला एकदा पैसे आणि कमरेचं परत खांद्यावर न्यायला दुसऱ्यांदा!

२०१६ सालच्या आषाढवारीत आईला घेऊन लोणंदला गेलो. तरडगावपर्यंतच चालायचं आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण बघायचं, एवढाच तिचा हट्ट. मी संपूर्ण सिस्टिम चढवून निघालो. अर्ध्या तासात एका टँकरवाल्यानं थांबवलं. ‘‘माउली, दहा-अकराचा पाना असंल का?’’ मी नाही म्हटलं, तर त्यानं माझ्या कमरेकडे असं पाहिलं की मी पाना असून नाकारतोय. आई म्हणाली, ‘‘अरे, चिक्की तरी दे त्याला.’’ चिक्की कुठल्या पिशवीत, ते मला आठवेना.

रिंगणाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या राहिल्या, मधे वाट मोकळी. टाळ टिपेला गेले. घोडे येताहेत अशी आरोळी उठली आणि मी लांब भिंग काढायला उजवीकडे हात घातला, तर हाताला पाण्याची बाटली! चालता चालता पट्टा अर्धा फेरा फिरला होता. भिंग गेलं होतं पाठीमागे. चर्रकन एक व्हेल्क्रो उघडलं, फ्लॅश. दुसरं उघडलं, चिक्की. घोडे कधी गेले ते मला टापांच्या आवाजावरून कळलं. मान वर केली तेव्हा आई वाकून टापांखालची माती उचलत होती. ती तिनं स्वतःच्या कपाळाला लावली आणि मग माझ्या. माझे दोन्ही हात पाठीमागे अडकलेले.

त्यानंतर आईचे गुडघे गेले. वारी राहिली.

पट्ट्याचे भक्त मला म्हणतात, ‘‘चूक तुझी. सराव हवा. कुठं काय, हे हाताला पाठ पाहिजे.’’ मान्य. पण पाठच करायचं तर पाढे काय वाईट होते? होमाई व्यारावाला दिल्लीत साडी नेसून, सायकलीवरून, आजच्या दुप्पट आकाराचा स्पीड ग्राफिक घेऊन हिंडल्या. त्यांनी टिपलेला देश आपण अजून पाहतो. कार्तिए-ब्रेसाँचा संसार तर एक लायका आणि बहुतेक वेळा पन्नासचं एकच भिंग. कोकणातला माणूस कमरेच्या आकडीत एक कोयती अडकवतो आणि दिवसभराचं काम उरकतो. सात कोयत्या लावल्या तर त्याला कुणी बागेत घेणार नाही, पोलिसांत देईल.

आता मी खादीची शबनम वापरतो. एक कॅमेरा, एक भिंग. शिंपी म्हणतो, खांदा अजून तिरपाच आहे. असू दे. शर्ट तरी सरळ शिवतो.

रिंगणाचा फोटो आमच्याकडे आहे. शेजारच्या पोरानं मोबाइलवर काढलेला. तिरका, कोपऱ्यात त्याचं बोट. पण घोड्याची शेपटी आहे, वाकलेली आई आहे आणि पाठीमागे हात घालून स्वतःभोवती फिरणारा एक जाडा इसमही आहे. दिवाणखान्यात लावलाय. पाहुणे विचारतात, ‘‘तुम्हीच काढलात ना?’’ मी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘अहो, हे आहेत की त्यात!’’

पट्टा गॅलरीत टांगलाय. सत्तर-दोनशेच्या पिशवीत कपड्यांचे चिमटे तीन डझन मावतात, असं घरचं मत आहे. आणि गेले तीन पावसाळे त्याचा एक टाका उसवलेला नाही, हे मला कबूल करायला हवं.