भाषणानं पाळ बांधली जात नाही

माणसं मुळात सुस्त असतात आणि त्यांना पेटवणं हे नेत्याचं काम, असं एक गृहीतक कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत हल्ली बिनदिक्कत खपतं. मग वक्ते बोलावले जातात, घोषवाक्यं रंगवली जातात, 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' भिंतीवर टांगला जातो. हे गृहीतक खोटं ठरवायला भंडारा जिल्ह्याबाहेर फारसं जावं लागत नाही. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी मालगुजार या जमीनदारांकडे असलेले. त्यांतले कित्येक कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधले, कारण जो तलाव बांधेल त्याला त्याखालच्या जमिनीचा हक्क मिळे. गाळ काढायचा, पाळीवर माती टाकायची, सांडवा दुरुस्त करायचा, ही कामं गाव करत असे. रोवणीला धानाच्या बांधीत पाणी पोचलं नाही तर पोटाला चिमटा गावालाच बसणार होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. पण तलावही सरकारजमा झाले. आता शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे आहेत आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाव तेच, माणसं तीच, पीकही धानाचंच. तरी पाळी खचल्या, गाळ साचत गेला. या माणसांना एकाएकी आळसाने गाठलं, असं कोण म्हणेल? पाणी कुणाला, किती आणि कधी, हे ठरवण्यातून ती वजा झाली होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सरंजामी काळाचं गुणगान आहे. आक्षेपात तथ्य आहे. मालगुजाराचा वाटा आणि तलावात जाळं टाकणाऱ्या ढिवराचा वाटा कधीच सारखा नव्हता, आणि मालगुजारीत वेठबिगारीही होती. पण त्यातून माझं म्हणणं पक्कंच होतं: जिथे वाटा नव्हता तिथे वेठ लागली. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. वाटाच महत्त्वाचा असेल तर कामागणिक पैसे द्या, काम संपलं! हा प्रयोग भंडाऱ्याच्या बिडी धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे. तिथे मजुरी हजार बिड्यांवर, म्हणजे जितक्या वळाल तितके पैसे. पण वळलेल्या बिडीतली खरी कोणती आणि 'छाट' कोणती, हे ठरवणार ठेकेदार. बाई मान मोडून वळते आणि टोपली पुढे सरकवताना किती बाद होतील या धास्तीत असते. छाटेला मर्यादा घालायला १९६६ च्या बिडी कामगार कायद्याखालच्या नियमांत तरतूद करावी लागली, यातच सगळं आलं. पैसा कामाला जोडला, पण कामाचा न्याय दुसऱ्याच्या हाती ठेवला, तर हात चालतात. जीव लागत नाही.

मग नेत्याने करायचं काय? एकेकाळी भंडाऱ्यातच असलेल्या आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात याचं उत्तर दिसतं. तलावांवर काम करणाऱ्या मनीष राजनकर यांनी तिथल्या ढिवरांना तलाव कसा राखावा हे शिकवलं नाही, उलट त्यांनाच विचारलं. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीच्या आसऱ्याने वाढतो, हे ढिवरांना ठाऊक होतं. त्यातून तलावातलं बेशरम हे तण उपटणं, तळ नांगरणं, देशी वनस्पती लावणं ही कामं उभी राहिली, आणि ती मच्छीमारांनी स्वतः केली. प्रेरणा त्यांच्यात कुणी बाहेरून ओतली नव्हती. त्यांचं ज्ञान निर्णयाच्या जागी बसवलं गेलं, एवढंच.

'कारखाना म्हणजे तलाव नव्हे, तिथे प्रत्येकाला विचारत बसलं तर माल निघेल कधी?' हा आक्षेप भंडाऱ्यातल्याच वरठी-गडेगावकडच्या कारखान्यातल्या व्यवस्थापकाच्या तोंडी शोभेल. पण टोयोटाच्या जुळणीच्या ओळीवर साध्या कामगारालाही दोष दिसताच दोरी ओढून किंवा बटण दाबून इशारा देता येतो, आणि जगातल्या सर्वांत शिस्तबद्ध कारखान्यांत टोयोटाच्या कारखान्यांची गणना होते. दोरी ओढली की आधी गटप्रमुखाने धावत यायचं. अडचण वेळेत सुटली नाही तर ओळ थांबते. थांबवणाऱ्याला जाब विचारायचा नाही, दोष कुठून आला ते शोधायचं. आपल्याकडे ही दोरी बसवायला फारसा खर्च नाही. ती ओढल्यावर धावत येणारा साहेब मात्र भाषणाने तयार होत नाही, आणि प्रशिक्षणाचा खर्च करायचाच असेल तर तो त्याच्यावर करावा.