बिडीचीही नोंद केसपेपरवर हवी

शिरूर-दौंडकडून मानसिक आजाराच्या उपचारासाठी पुणे गाठणाऱ्या रुग्णाला झोप, भूक, गोळ्या यांविषयी विचारले जाते. बिडीचा विषय मात्र बहुधा निघत नाही. घरचेही म्हणतात, "तेवढाच त्याला आधार, राहू द्या." यामागे माया असते, पण तिची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षे आधी दगावतात, तीही बहुतेक वेळा टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी.

बिडीने डोके शांत होते, हा रुग्णाचा अनुभव खोटा नाही. रक्तातले निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, मग चिडचिड आणि बेचैनी सुरू होते. पुढची बिडी शमवते ती हीच बेचैनी. मूळ आजार जागच्या जागी राहतो. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने 2014 मध्ये छापलेल्या 26 अभ्यासांच्या आढाव्यात धूम्रपान सोडलेल्यांची चिंता आणि उदासी कमी झालेली आढळली. मानसिक आजार असलेलेही त्याला अपवाद नव्हते.

डॉक्टरांना न सांगता बिडी एकदम बंद करणे मात्र धोक्याचे आहे. धुरातील घटकांमुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधे झपाट्याने शरीराबाहेर काढते, त्यामुळे ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. धूर थांबला की तोच डोस जड जातो. गुंगी येते, क्लोझापिनने झटकेही येऊ शकतात. निकोटिनचे च्युइंगम चघळणाऱ्यालाही ही काळजी घ्यावी लागते, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. मिश्री किंवा चघळायच्या तंबाखूने औषधावर असा परिणाम होत नाही. पण व्यसन तेच, म्हणून मिश्री लावणाऱ्या बायकांनाही तंबाखूविषयी विचारायलाच हवे.

व्यसन आणि मन एकत्र पाहणे पुण्याला नवे नाही. डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात. ती दृष्टी आता तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत यावी. मानसिक आजाराच्या प्रत्येक केसपेपरवर तंबाखूची नोंद व्हावी, च्युइंगम आणि समुपदेशन तिथेच मिळावे, डोस तपासला जावा.

तोवर घरच्यांनी 1800-11-2356 या तंबाखूमुक्ती क्रमांकावर किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा. दोन्ही सेवा मोफत आहेत.