पाना कुणाच्या हाती?
चेतक स्कूटरच्या जमान्यात गाडीमालक निम्मा मेकॅनिक असायचाच. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं, म्हणजे प्लगवर काजळी धरणारच. स्कूटर आडवी करायची, दोन किका मारायच्या. तरी ऐकली नाही तर डिकीतला पाना काढून प्लग खोलायचा, पॉलिश पेपरने टोक घासायचं आणि काळ्या बोटांनीच ऑफिसचं मस्टर गाठायचं. 1 एप्रिल 2020 ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता मीटरवर पिवळा दिवा पेटतो. तो का पेटला हे विचारायला स्कॅनर लागतो, आणि स्कॅनर घरी कोण ठेवतंय? तरी चेनला वंगण, टायरची हवा, बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा थर काढणं, एवढ्यासाठी गॅरेज गाठणं म्हणजे माझ्या मते शुद्ध उधळपट्टी. ब्रेकच्या वाटेला मात्र जाऊ नये. डिस्कला ऑइलचा हात लागला तरी पकड जाते. तिथे यूट्यूब बघून पाना चालवणाऱ्या उत्साही मंडळींना आपला लांबूनच नमस्कार! ते काम मेकॅनिकलाच द्यावं, मजुरीवरून घासाघीसही करू नये. फक्त काढलेले जुने पॅड मागून घ्यावेत, म्हणजे खरंच बदलले का ते तिथल्या तिथे कळतं.