आजारपण खासगी, खुर्ची सार्वजनिक

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात नाशिकमध्ये ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आडगावजवळच्या भुजबळ नॉलेज सिटीत मांडव पडला, ग्रंथदिंडी निघाली, पुस्तकांचे गाळे लागले. संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. एका वैज्ञानिकाला आणि विज्ञानकथाकाराला हा मान मिळाल्याचे अप्रूप गावाला होते. पण नारळीकर आले नाहीत. प्रकृतीच्या कारणास्तव ते पुण्याहून निघू शकले नाहीत. त्यांचे भाषण पोचले, ते पोचले नाहीत. मग कुजबुज सुरू झाली. एवढा मान दिला तर थोडा वेळ तरी यायला नको का, अशी नाराजी साहित्य महामंडळाकडून जाहीरपणेही व्यक्त झाली.

ते दिवस आठवून पाहा. नारळीकर ८३ वर्षांचे होते. पुणे ते नाशिक हा रस्ता दोनशे किलोमीटरहून जास्त, म्हणजे गाडीत पाच तास तरी जाणार. त्याच आठवड्यात राज्यात अवकाळी पाऊस झाला होता. आणि संमेलनाच्या आदल्या दिवशी, २ डिसेंबरला, ओमायक्रॉनचे देशातले पहिले दोन रुग्ण कर्नाटकात सापडल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले होते. घरातल्या ८३ वर्षांच्या आजोबांना अशा वेळी हजारोंच्या गर्दीत न्यायचे का, असे कोणी विचारले असते, तर बहुतेक डॉक्टरांनी नाहीच म्हटले असते. तोच सल्ला मोठ्या माणसाने पाळला की मात्र आपल्याला तो अपमान वाटतो.

योगायोग असा की त्याच सुमारास राज्याचे मुख्यमंत्रीही आजारी होते. उद्धव ठाकरे यांच्या मानेच्या मणक्यावर १२ नोव्हेंबरला मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि २ डिसेंबरला ते घरी परतले. महिनाअखेरीस झालेल्या हिवाळी अधिवेशनाला ते येऊ शकले नाहीत. एकाच महिन्यात महाराष्ट्रापुढे दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. एक मानाची, दुसरी सत्तेची. दोन्हींबद्दल आपण जवळपास सारखीच कुरकुर केली. खरे तर दोन्हींना लावायचे निकष वेगळे आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच सार्वजनिक व्यक्तींच्या आजारपणाची आपली चर्चा नेहमी भरकटते.

कोविडने लावलेली सवय

कोविडच्या काळात एक चांगली गोष्ट घडली होती. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी नाशिकचे तेव्हाचे पालकमंत्री छगन भुजबळ यांनी आपली कोरोना चाचणी पॉझिटिव्ह आल्याचे स्वतःच जाहीर केले आणि दोन-तीन दिवसांत संपर्कात आलेल्यांनी चाचणी करून घ्यावी, असे आवाहन केले. त्या काळात मंत्री, आमदार, अभिनेते, खेळाडू सगळेच हे करत होते. कोणी त्याला कमजोरी म्हटले नाही. उलट लपवणाऱ्यावर टीका झाली.

हे इतके सहज का जमले? कारण त्यामागचे तर्कशास्त्र सगळ्यांना पटलेले होते. माझा आजार तुमच्यापर्यंत पोचू शकतो, म्हणून तो तुम्हाला सांगणे माझे कर्तव्य आहे. यातूनच एक साधे माप हाती येते. आजाराचा परिणाम इतरांवर जितका, तितके सांगण्याचे बंधन जास्त. साथ ओसरली आणि आपण ते माप विसरलो.

हे माप सत्तेच्या खुर्चीला लावून पाहू. मुख्यमंत्र्याचा मणका दुखल्याने कोणाला संसर्ग होत नाही. पण त्याच्या सहीवाचून फायली अडतात, बैठका पुढे जातात, पक्षातली आणि सरकारातली गणिते हलतात. आपण हालचाल करू शकत नव्हतो तेव्हा आपल्याविरुद्ध हालचाली सुरू होत्या, अशी तक्रार पुढे सरकार गेल्यावर ठाकरे यांनीच एका मुलाखतीत केली. शस्त्रक्रियेची माहिती त्यांनी आधी दिली होती, हे योग्यच झाले. पण त्या काळात निर्णयाची सूत्रे कोणाकडे, हे जाहीर झाले नाही. कार्यभार दुसऱ्याकडे सोपवा, ही विरोधकांची मागणी राजकीय म्हणून झटकली गेली.

गोव्याचा धडा

याहून अवघड उदाहरण शेजारच्या गोव्याचे आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर मुंबईत रुग्णालयात दाखल झाले. मग अमेरिका, पुन्हा गोवा, पुन्हा अमेरिका, मग सप्टेंबरपासून महिनाभर दिल्लीचे एम्स. या काळात आजाराचे नाव सरकारने सांगितले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचे उघडपणे मान्य केले. मुख्यमंत्र्यांच्या प्रकृतीची माहिती द्यावी म्हणून याचिका झाली, तेव्हा सरकारने खासगीपणाच्या हक्काची ढाल पुढे केली. त्याच सरकारमधले दोन आजारी मंत्री, फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर, यांना सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळातून वगळण्यात आले होते. म्हणजे आजारपण हे मंत्र्याला दूर करायला पुरेसे कारण होते, मुख्यमंत्र्याला नव्हते.

नाकात नळी असताना पर्रीकर यांनी मांडवी नदीवरच्या पुलाची पाहणी केली आणि जानेवारी २०१९ च्या अखेरीस अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला ते गेले. त्यांच्या जिद्दीला सलाम करणारे बरोबर होते आणि राज्याचा कारभार नेमका कोण पाहत होते, असे विचारणारेही बरोबर होते.

वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर स्वादुपिंड पोटात खोलवर, जठराच्या मागे असते. तिथली गाठ हाताला लागत नाही आणि लक्षणे बहुधा उशिरा दिसतात. निदानानंतर पाच वर्षे जगणारे रुग्ण साधारण दहात एक. केमोथेरपीचा थकवा, वजन घटणे, वेदनाशामकांची गुंगी हे सगळे ओघाने येते. अशा रुग्णाला विश्रांती मिळायला हवी. पण आजाराचे नाव घ्यायचे नाही, असे एकदा ठरले की विश्रांतीही मागता येत नाही. सगळे काही ठीक आहे, हे दाखवण्यासाठी त्याला उभे राहावे लागते. लपवालपवीची पहिली किंमत असा रुग्णच मोजतो.

कायद्यातील पोकळी

याबाबत आपला कायदा काय सांगतो? निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवार मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्हे लिहितो, आरोग्याचा रकाना नाही. राष्ट्रपती आजारपणामुळे काम करू शकत नसतील तर उपराष्ट्रपतींनी ते पाहावे, अशी तरतूद राज्यघटनेच्या ६५ व्या अनुच्छेदात आहे. मुख्यमंत्र्यासाठी अशी तरतूद नाही. अमेरिकेने १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती करून अध्यक्ष अक्षम झाल्यास काय करायचे, हे लिहून ठेवले. तिथेही १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाल्याचे देशापासून दडवले गेले होते, हे विसरता येत नाही.

दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि रुग्णाची गुपिते जपणे हे डॉक्टरवरचे बंधन तर फार जुने आहे. मंत्री झाला म्हणून माणसाचे रक्ताचे अहवाल चव्हाट्यावर मांडायचे नसतात.

या दोन टोकांमधली वाट आपल्याकडचे डॉक्टर रोज वापरतात. कामगार आजारपणानंतर कारखान्यात परततो तेव्हा मालकाला त्याच्या आजाराची सगळी फाइल मिळत नाही. ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ किंवा ‘सहा आठवडे विश्रांती आवश्यक’ एवढे प्रमाणपत्र मिळते. सातपूर-अंबडच्या कामगाराला जे पुरते, ते मंत्र्याला का पुरू नये? आजाराचे नाव सांगायचे की नाही, हे त्याने ठरवावे. पण काम किती दिवस करता येणार नाही आणि तोवर ते कोण करणार, हे दोन प्रश्न जनतेचे आहेत.

खरे सांगितले तरी विश्वास नाही

ही सवय नसल्याचा दुसरा तोटा असा की खरे आजारपणही कोणाला खरे वाटत नाही. २१ जुलै २०२५ रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला. त्या संध्याकाळपासून चर्चा झाली ती खरे कारण काय असावे याची. ७४ वर्षांच्या माणसाला खरेच विश्रांती हवी असू शकते, ही शक्यता फार थोड्यांनी गंभीरपणे घेतली. राजकारणात ‘प्रकृती’ हा शब्द इतक्यांदा पडद्यासारखा वापरला गेला आहे की तो आता काहीच सांगत नाही.

जिथे माहिती नसते तिथे अफवा येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाच्या बातम्या फिरल्या, श्रद्धांजल्याही वाहिल्या गेल्या. ते हयात आहेत, हे कुटुंबाला सांगत बसावे लागले. त्यांचे निधन २६ नोव्हेंबरला झाले. रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकांवर हा भार टाकणारे आपणच होतो, मोबाइलवरचा निरोप पुढे ढकलणारे.

सांगण्याने काय होते

बंधन नसतानाही जो सांगतो, त्याच्या सांगण्याला औषधाइतके मोल असते. शरद पवार यांना २००४ मध्ये तोंडाचा कॅन्सर झाला, शस्त्रक्रिया झाली. आपल्याला गुटख्याची सवय होती आणि ती भोवली, हे त्यांनी पुढे अनेक व्यासपीठांवरून सांगितले. तोंडाच्या कॅन्सरनेच आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गेले, तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. गावागावांत तंबाखू मळणाऱ्या माणसाला आकडेवारीने जे कळत नाही, ते ‘आबा गेले’ या दोन शब्दांनी कळते.

ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रोस्टेट वाढल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर त्या आजाराचे पान पाहणाऱ्यांची संख्या दहा पटींहून अधिक वाढली. लघवीच्या तक्रारी अंगावर काढणाऱ्या किती पुरुषांनी त्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द वाचला असेल! आपल्याकडे तर अनेक घरांत कॅन्सर हा शब्द उच्चारत नाहीत. ‘गाठ आहे’, ‘तो आजार आहे’ असे म्हणतात. सून किंवा मुलीच्या लग्नाच्या काळजीने तपासणी पुढे ढकलली जाते आणि रुग्ण येतो तेव्हा आजार पसरलेला असतो. मोठी माणसे नाव घेऊन बोलू लागली की लहान घरांतही तो शब्द तोंडातून निघतो.

मानाच्या खुर्चीचे काय?

आता पुन्हा नारळीकरांकडे वळू. संमेलनाध्यक्षाच्या आजारपणाने कोणतीही फाइल अडत नाही. त्यामुळे हे माप लावले, तर आपल्या आजाराचा तपशील देण्याचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नव्हते. येऊ शकत नाही, एवढे सांगणे पुरेसे होते.

वयाबद्दल विज्ञान काय म्हणते, तेही इथे महत्त्वाचे आहे. ऐंशीनंतर स्नायू झिजतात, तोल जातो, हाडे ठिसूळ होतात, लांबचा प्रवास आणि तासन्‌तास एका जागी बसणे शरीराला मानवत नाही. नवी माहिती पकडण्याचा मेंदूचा वेगही मंदावतो. पण शब्दसंपत्ती, साठलेले ज्ञान आणि अनुभवातून आलेली समज ही निरोगी म्हातारपणात खूप उशिरापर्यंत टिकते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाकडून आपल्याला हेच तर हवे असते. ते सोडून आपण त्यांचे पाय मागत होतो.

आपल्या संस्था सन्मान बहुधा आयुष्याच्या संध्याकाळी देतात. मग समारंभही त्या वयाला झेपेल असा करण्याची जबाबदारी सन्मान देणाऱ्यांची असते. पडद्यावरून संवाद, भाषणाचे चांगले वाचन, किंवा चार माणसांनी घरी जाऊन केलेला सत्कार, यांपैकी कशानेही मान कमी होत नाही.

नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. राज्यभरातले भावी डॉक्टर त्याच्या परीक्षा देतात. सार्वजनिक व्यक्ती रुग्ण असेल तेव्हा पत्रक कसे काढावे, काय सांगावे आणि काय राखावे, याची नमुना चौकट या विद्यापीठाने तयार केली तर ती राज्याला उपयोगी पडेल. मुख्यमंत्री अक्षम असताना कार्यभार कोणाकडे, हा नियम मात्र विधिमंडळालाच करावा लागेल, आणि तो कोणी आजारी नसताना करायला हवा. कोणी आजारी पडल्यावर केलेला नियम त्याच्याविरुद्धच केल्यासारखा वाटतो.

२० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. नारळीकर झोपेतच गेले. ८६ वर्षांचे होते. नाशिककरांना त्यांना संमेलनाच्या व्यासपीठावर पाहता आले नाही, ही हळहळ राहीलच. पण डॉक्टरांचा सल्ला मानून घरी थांबलेल्या वैज्ञानिकावर रुसण्यासारखे त्यात काही नव्हते.