कार्डिगन आतून बघा!

पुण्यात थंडी असते जेमतेम दोन महिने. ऑफिसात मात्र ती बाराही महिने असते! ज्यांची खुर्ची एसीच्या बरोबर खाली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मी फ्रीलान्सर. स्वतःचं ऑफिस नाही, पण आठवड्यातून दोनदा क्लायंटच्या ऑफिसात बसावं लागतं आणि तिथं नेमकी तीच खुर्ची माझ्या वाट्याला येते. त्यामुळे गेली दोन वर्षं मी एकच कार्डिगन वापरतेय. बॉटल ग्रीन रंग, पुढे सात बटणं, मनगटाशी घट्ट. लिफ्टमध्ये किमान तीन जणींनी तरी विचारलं असेल, ‘‘मस्तंय गं, झाराचं का?’’

नाही हो. माझ्या आजीचं!

आजीची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशीआजी, इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्स होती. १९७८ मध्ये ती सुट्टीवर आली तेव्हा बॅगेतून आजीसाठी हे कार्डिगन निघालं. आजीनं ते पुढची वीसेक वर्षं सहावारीवर घातलं. पहाटे दूध केंद्राच्या रांगेत, दिवाळीच्या आंघोळीनंतर, महाबळेश्वरच्या ट्रिपला. फोटोंच्या अल्बममध्ये साड्या बदलत जातात, कार्डिगन तेच. मग ते ट्रंकेत गेलं, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. मावशीआजी चार वर्षांपूर्वी गेली. दोन वर्षांपूर्वी आजीनं ट्रंक उघडली आणि ते माझ्या हातात दिलं. म्हणाली, ‘‘घाल तू. मला आता बटणं लावता येत नाहीत.’’ संधिवातानं तिची बोटं वाकडी झालीयेत.

कॉलरच्या आत लेबल आहे, ‘सेंट मायकेल’. हा मार्क्स अँड स्पेन्सरचा जुना ब्रँड. हो, तेच आपल्या मॉलमधले! १९२८ मध्ये संस्थापक मायकेल मार्क्स यांच्या नावावरून तो रजिस्टर झाला आणि २००० मध्ये बंद झाला. खाली लिहिलंय, ‘मेड इन द यूके’. लोकर ७० टक्के, अॅक्रिलिक ३०. लेस्टर हे तेव्हा होजियरीचं शहर. तिथल्या कोराह कंपनीचा विणलेला माल १९२०च्या दशकापासून या दुकानांत जायचा. १९९०च्या दशकात कपड्यांची कामं स्वस्त मजुरीच्या देशांत गेली आणि तिकडच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. (आपल्या गिरणगावची आठवण झाली ना? मलाही.)

तर असं हे कार्डिगन गेल्या डिसेंबरमध्ये माझ्या लॅपटॉप बॅगेच्या चेनमध्ये अडकलं. मी घाईत होते. ओढलं. कोपराखाली ‘टक्’ झालं. संध्याकाळपर्यंत तिथं रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि त्याच्याखाली मनगटाच्या दिशेनं शिडी उतरायला लागली होती. खरं सांगते, रडू आलं. आजीला काय सांगायचं?

काहीच सांगितलं नाही. गुपचूप गाठला रफूवाला. त्यानं कार्डिगन उजेडात धरलं, बोटानं भोक ताणून पाहिलं आणि परत दिलं. ‘‘ताई, हे कापड नाही, विणलेलं आहे. माझं काम नाही हे.’’

मास कॉम केलेल्या मुलीला हा फरक माहीत नव्हता! कापडात उभे आणि आडवे, असे धागे वेगवेगळे असतात. रफूवाला तुटलेल्या धाग्यांच्या जागी नवे भरतो. विणलेल्या कपड्यात मात्र एकच धागा वळणं घेत जातो आणि प्रत्येक टाका शेजारच्या टाक्याच्या जिवावर उभा असतो. एक सुटला की त्याच्या रांगेतले बाकीचे निघालेच. पण याचीच दुसरी बाजू अशी, की जे टाका टाका सुटतं ते टाका टाका परत उचलताही येतं.

हे मला आजीनं सांगितलं. म्हणजे शेवटी सांगावंच लागलं तिला. ती रागावली नाही. म्हणाली, ‘‘आधी ते उलटं कर.’’

मी बाही उलटी केली. दोन वर्षं अंगावर घालत होते, पण आतून कधी बघितलं नव्हतं. काखेपाशी तिरक्या ओळीत छोट्या छोट्या खुणा होत्या, दोन टाके एकावर एक चढल्यासारख्या. आजी म्हणाली, ‘‘हे बघ, इथे टाके कमी केलेत. आम्ही सुयांवर करतो तस्सेच.’’ मला वाटलं होतं ती डिझाइन आहे! नंतर वाचल्यावर कळलं, की याला ‘फुली फॅशन्ड’ म्हणतात. यात कापड कापतच नाहीत. बाही, पाठ, पुढचे दोन भाग मशीनवरच टाके वाढवत-घटवत हव्या त्या आकारात विणले जातात. विणकामाचं पहिलं यंत्र १५८९ मध्ये विल्यम ली या इंग्रजानं बनवलं. पण असे आकार दिलेले अनेक तुकडे एकाच वेळी विणणारं यंत्र आलं ते १८६४ मध्ये. पेटंट घेणाऱ्याचं आडनाव चक्क कॉटन! विल्यम कॉटन, राहणार लफबरो, म्हणजे लेस्टरच्या जवळच.

तुकडे जोडायची पद्धत तर आणखी भारी. त्याला लिंकिंग म्हणतात. एका गोल चकतीच्या कडेनं बारीक दात असतात. कामगार एका तुकड्याचा एकेक टाका एकेका दातावर चढवतो, त्यावर दुसऱ्या तुकड्याचे टाके, आणि मग मशीन ते साखळीनं जोडतं. टाक्यावर टाका. डोळ्यांचं आणि बोटांचं काम. म्हणून माझ्या कार्डिगनच्या खांद्याची शिवण आतून अगदी सपाट आहे. मागच्या सेलमध्ये घेतलेलं माझं दुसरं कार्डिगन शेजारी उलटं करून ठेवलं. आत कापलेल्या कडा आणि त्यावर ओव्हरलॉकचा जाडजूड दोरा. विणलेलं कापड कापून सरळ शिवून टाकलेलं.

मग आमची दुरुस्ती सुरू झाली. आजीला सुई धरवत नाही आणि बारीक दिसतही नाही. त्यामुळे हात माझे, डोकं तिचं. क्रोशाच्या सुईनं शिडीच्या तळाचा सुटलेला टाका पकडायचा, वरची आडवी पायरी त्यातून ओढून घ्यायची, की झाला नवा टाका. मग पुढची पायरी. अशा बावीस पायऱ्या. दोनदा चुकले, दोनदा उसवलं. आजी बोटांनी चाचपून सांगायची, ‘‘हा पिळला गेलाय, परत घे.’’ वरचं भोक लक्ष्मी रोडवरून आणलेल्या लोकरीनं, शेजारच्या टाक्यांच्या वळणानं भरलं. तीन संध्याकाळी गेल्या. शेड अगदी तंतोतंत जुळली नाही.

आता तुमच्या कामाचं. पुढच्या वेळी कार्डिगन घेताना, मॉलमध्ये असो की एखाद्या व्हिंटेज शॉपमध्ये, आधी उलटं करा. काखेपाशी त्या खुणा शोधा, खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवा. मिक्स लोकर असली तरी गरम पाणी नको. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते गरम पाण्यात आणि घुसळण्यात एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो. थंड पाण्यात हलकेच धुवा, पिळू नका, टॉवेलवर आडवं पसरून वाळवा. हँगरवर टांगू नका, खांदे लोंबतात. घडी घालून ठेवा. आणि लॅपटॉप बॅगेपासून चार हात लांब!

काम झाल्यावर मी कार्डिगन आजीच्या मांडीवर ठेवलं. तिनं बाही परत उलटी केली आणि अंगठा फिरवत राहिली. ‘‘बाहेरून कळतंय थोडं,’’ ती म्हणाली, ‘‘पण आतून नीट झालंय.’’ मग जरा वेळानं, ‘‘मला एकदा घालून बघू दे गं.’’

घातलं तिनं. सातही बटणं मी लावली.