आकाशाचा कायदा आणि आमच्या मुली

बिद्री म्हटलं की लोकांना साखर कारखाना आठवतो. इथल्या आमच्या एका बैठकीत मात्र विषय निघाला अंतराळाचा. वकिलीला शिकणाऱ्या मुलीनं विचारलं, “ताई, लष्करात वकील होऊन पुढं अवकाश कायद्यात पीएच.डी. केली तर?” जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझ्याही. आयुष्यभर युद्धाविरुद्ध बोललो, आता पोरींना लष्कराची वाट दाखवायची?

मग मी थोडं वाचलं. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानं पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी केली, चंद्रावर लष्करी तळ उभारायला मनाई केली. पण कक्षेतल्या इतर शस्त्रांवर त्यात सरसकट बंदी नाही. २७ मार्च २०१९ रोजी भारतानं स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला. अशा गोष्टीत कायद्याला काय चालतं आणि काय नाही, हे लष्कराला सांगायचं काम त्याच्या वकिलांचं. यातलेच काही जण पुढं विद्यापीठात जातात, ग्रंथ लिहितात. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातले वकील डेल स्टीफन्स अॅडलेड विद्यापीठात प्राध्यापक झाले. अवकाशातल्या लष्करी हालचालींच्या कायद्यावर २०२४ मध्ये आलेल्या ‘वुमेरा मॅन्युअल’च्या संपादकांत ते आहेत. म्हणजे नियमांचा अर्थ लावणारे हे लोक. त्यात बायका किती, हा प्रश्न आपला नाही का?

आपल्याकडे सैन्याची विधी शाखा बायकांना १९९२ मध्ये खुली झाली. कायम कमिशनचा निर्णय व्हायला २००८ उजाडलं. त्यानंतरही एका भरतीत पुरुषांना सहा जागा आणि बायकांना तीन! मुलींच्या यादीत चौथ्या आलेल्या अर्शनूर कौर यांना निवडलेल्या काही पुरुषांहून जास्त गुण होते. त्या कोर्टात गेल्या. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही वाटणी रद्द केली आणि स्त्री-पुरुषांची गुणवत्ता यादी एकच हवी असं बजावलं.

दार उघडलं म्हणून युद्ध चांगलं ठरत नाही. गणवेश घातलेली बाई आपोआप शांततावादी होते, असंही मी म्हणणार नाही. पण शस्त्रांना लगाम घालणारा कायदा जिथं शिकला आणि शिकवला जातो, तिथून बायकांना बाहेर ठेवून शांतता जवळ येत नाही.

त्या मुलीला मी म्हटलं, “जा बाई. पण प्रश्न विचारायची सवय इथं ठेवून जाऊ नकोस.”

मैत्रिणींनो, तुमच्या गटात याबद्दल काय वाटतं, जरूर कळवा.